आपल्या नोंदी, आपल्या हाती : मुक्तस्रोत ऑफिस संचाची निवड व अभ्यास

प्रस्तावना

झाशी शहराच्या जुन्या तटबंदीतील पूर्वेकडचा एक दरवाजा म्हणजे लक्ष्मी गेट. या दरवाजातून बाहेर पडल्यावर लक्ष्मी तलाव, महालक्ष्मीचे मंदिर आणि १८५३ मध्ये निवर्तलेले झाशीचे अधिपती गंगाधरराव नेवाळकर यांची छत्री लागते. नेवाळकर घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील. त्या काळी मराठी राज्यकारभारातील सारा, जमाखर्च, इनामपत्रे व पत्रव्यवहार प्रामुख्याने मोडी लिपीत लिहिला जात असे. असे कागद आजही अनेक दफ्तरांत सुस्थितीत आहेत. शाई पुसलेली नाही, कागद फाटलेला नाही. तथापि ते वाचू शकणारी माणसे मोजकीच उरली आहेत. नोंद टिकणे आणि नोंद वाचता येणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे त्यावरून ध्यानात येते.

आज विस्तार कार्यकर्ते व प्रगतशील शेतकरी जी माहिती संगणकावर साठवितात, तिच्या बाबतीत हाच प्रश्न निराळ्या रूपाने उभा आहे, आणि येथे दोनशे वर्षे थांबावे लागत नाही. दहा वर्षेही पुरतात. प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यातील एका दूध उत्पादक गटाने सात वर्षांच्या चाऱ्याच्या व दुधाच्या नोंदी एका जुन्या मराठी टंकात टंकून ठेवल्या होत्या. तो टंक ज्या सॉफ्टवेअरसोबत मिळाला होता, ते सॉफ्टवेअर संगणकाला जोडलेल्या एका छोट्या कुलूप-कळीवाचून चालत नसे. संगणक बंद पडला, कळी हरवली. फाइलींची प्रत शाबूत होती, परंतु नव्या संगणकावर उघडताच पडद्यावर केवळ निरर्थक इंग्रजी अक्षरे दिसू लागली. बँकेने कर्जप्रस्तावासोबत मागील तीन वर्षांचे उत्पादन मागितले, तेव्हा गटाच्या सचिवांना जुन्या छापील वह्यांवरून सर्व आकडे पुन्हा टंकावे लागले. ज्या वर्षाची वही सापडली नाही, त्या वर्षाचे आकडे कायमचे गेले.

अशी वेळ टाळण्यासाठी ऑफिस संच निवडताना कोणती दृष्टी ठेवावी, कोणता संच निवडावा आणि तो कमी वेळात कसा शिकावा, याचा ऊहापोह या लेखात केला आहे.

मोफत आणि मुक्त यांतील फरक

‘फ्री’ या एका शब्दामुळे पुष्कळ गैरसमज होतात. काही ऑफिस संच विनामूल्य मिळतात, परंतु त्यांची घडण गुप्त असते व अटी कंपनी ठरविते. आज विनामूल्य असलेली सोय उद्या सशुल्क होऊ शकते. काही संच इंटरनेटवरच चालतात. त्यांत अनेकांना एकाच वेळी एका कागदावर काम करता येते हा मोठा लाभ आहे, परंतु जोडणी नसलेल्या गावात ते अडचणीचे ठरतात व आपल्या फाइली दुसऱ्याच्या संगणकावर राहतात.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरचे तसे नाही. त्याची मूळ संहिता सर्वांसाठी खुली असते. ते कोणीही वापरावे, तपासावे, सुधारावे व इतरांना द्यावे, अशी परवानगी त्याच्या परवान्यातच दिलेली असते. बियाण्याच्या भाषेत बोलायचे तर दरवर्षी विकत घ्यावे लागणारे संकरित बियाणे आणि घरी राखून ठेवता येणारे, शेजाऱ्याला देता येणारे सरळ वाण यांत जो फरक आहे, तसाच काहीसा हा फरक आहे. संकरित बियाण्यालाही त्याचे स्थान आहेच. मात्र कोणते बियाणे आपण राखून ठेवू शकतो हे शेतकऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

तिसरा प्रकार म्हणजे महागड्या संचाची ‘क्रॅक’ केलेली प्रत. गावोगावी संगणक दुरुस्त करणारे ती सर्रास बसवून देतात. ती बेकायदेशीर तर आहेच. शिवाय अशा प्रतींतून विषाणू व खंडणीखोर प्रोग्रॅम शिरण्याचा धोका मोठा असतो. शेतकरी उत्पादक कंपनीच्या लेखापरीक्षणाच्या दृष्टीनेही विनापरवाना सॉफ्टवेअर ही उणी बाजू ठरते.

उपलब्ध पर्याय आणि त्यांची पूर्वपीठिका

आजचा सर्वाधिक प्रचलित मुक्तस्रोत संच म्हणजे लिबरऑफिस. त्याचे मूळ जर्मनीतील ‘स्टार डिव्हिजन’ या कंपनीच्या स्टारऑफिसमध्ये आहे. १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने ती विकत घेतली आणि २००० मध्ये संचाची मूळ संहिता खुली केली. त्यातून ओपनऑफिस जन्मास आले. २०१० मध्ये सन कंपनी ओरॅकलच्या ताब्यात गेल्यावर प्रकल्पाच्या भवितव्याविषयी अनेक विकासकांना शंका वाटू लागली. त्यांनी २८ सप्टेंबर २०१० रोजी ‘द डॉक्युमेंट फाउंडेशन’ची घोषणा केली व जानेवारी २०११ मध्ये लिबरऑफिसची पहिली आवृत्ती आली. मालक बदलला तरी काम थांबले नाही, कारण संहिता खुली होती. मुक्त परवान्याचा प्रत्यक्ष उपयोग काय, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

ओपनऑफिस हे नाव आजही अनेक प्रशिक्षण पुस्तिकांत आढळते. ते अपाचे फाउंडेशनकडे असून २०१४ पासून त्याची ४.१ हीच मालिका किरकोळ दुरुस्त्यांसह चालू आहे. त्यात ‘डॉकएक्स’ प्रकारची फाइल उघडता येते, पण त्या प्रकारात जतन करता येत नाही. म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याने लिबरऑफिसच घ्यावे. ‘ओन्लीऑफिस’ हा आणखी एक मुक्तस्रोत पर्याय आहे. त्याची मांडणी मायक्रोसॉफ्ट ऑफिससारखी असल्याने ज्यांना त्या प्रकारच्या फाइलींची सतत देवाणघेवाण करावी लागते, त्यांना तो सोयीचा वाटतो.

मोठ्या संस्थांचा अनुभवही लक्षात घेण्याजोगा आहे. जर्मनीतील श्लेस्विग-होल्स्टाइन या राज्याने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या प्रशासनातील सुमारे ३०,००० संगणकांवर लिबरऑफिस आणण्याचा निर्णय जाहीर केला. केरळमधील शासकीय शाळांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर संगणक शिक्षण दिले जाते. भारत सरकारनेही २०१० मध्ये ई-प्रशासनासाठी खुल्या मानकांचे आणि २०१५ मध्ये मुक्तस्रोत सॉफ्टवेअर स्वीकारण्याचे धोरण जाहीर केले आहे.

निवडीचे पाच निकष

१. फाइलीचा प्रकार खुला आहे काय? लिबरऑफिसचा स्वतःचा प्रकार ‘ओपन डॉक्युमेंट फॉरमॅट’ हा आहे. मजकुरासाठी ‘ओडीटी’, तक्त्यासाठी ‘ओडीएस’ व सादरीकरणासाठी ‘ओडीपी’ ही त्याची रूपे. २००६ मध्ये त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्याची रचना प्रसिद्ध असल्याने उद्या लिबरऑफिस नसले तरी दुसरे सॉफ्टवेअर ती फाइल वाचू शकेल.

२. मराठी नीट दिसते व टंकता येते काय? याचा विचार पुढे स्वतंत्रपणे केला आहे.

३. जुन्या संगणकावर व इंटरनेटविना चालते काय? लिबरऑफिसची विंडोजसाठीची फाइल साडेतीनशे मेगाबाइटच्या आसपास असते. एकदा उतरवून घेतली की पेनड्राइव्हने कितीही संगणकांवर बसविता येते. विंडोज, मॅक व लिनक्स या तिन्ही प्रणालींवर ते चालते.

४. इतरांच्या फाइली उघडतात काय? वर्ड, एक्सेल व पॉवरपॉइंटच्या बहुतेक फाइली लिबरऑफिसमध्ये उघडतात व त्याच प्रकारांत जतनही करता येतात. मात्र सर्वच हुबेहूब जुळेल अशी अपेक्षा ठेवू नये. क्लिष्ट मांडणी, सादरीकरणातील हालचाली आणि एक्सेलमधील मॅक्रो यांत फरक पडू शकतो. वरिष्ठ कार्यालयाने मॅक्रो असलेला एक्सेल नमुना पाठविला असेल, तर तो प्रथम तपासून पाहावा व न चालल्यास त्या एका कामासाठी एक्सेल असलेला संगणक वापरावा. यात कमीपणा काही नाही.

५. शिकविणारे साहित्य आपल्या भाषेत आहे काय? या बाबतीत मराठी वाचकांची स्थिती चांगली आहे.

संच बसविताना घ्यावयाची दक्षता

लिबरऑफिस केवळ द डॉक्युमेंट फाउंडेशनच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावे. तेथे शुल्क लागत नाही. देणगीचे आवाहन दिसते, परंतु देणगी पूर्णतः ऐच्छिक आहे. तेथे सहसा दोन आवृत्त्या असतात : एक अगदी नवी व दुसरी काही महिने वापरून पक्की झालेली. कार्यालयीन कामासाठी दुसरी घ्यावी. मदतीची पुस्तिका वेगळ्या फाइलीत मिळते. ती सोबत बसविल्यास इंटरनेट नसतानाही मदत वाचता येते.

बसविल्यावर लगेच तीन गोष्टी कराव्यात. ‘टूल्स’मधील ‘ऑप्शन्स’ उघडून भाषेच्या विभागात जावे. तेथे ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ ही सोय सुरू करून भाषा मराठी निवडावी. देवनागरी मजकुराची भाषा व टंक या सोयीतून ठरतात. त्याच ठिकाणी स्थानिक रचना भारताची निवडावी, म्हणजे दिनांक दिवस-महिना-वर्ष या क्रमाने व चलन रुपयात येईल. त्यानंतर ‘रायटर’च्या विभागातील मूळ टंकांमध्ये देवनागरीसाठी आपल्या पसंतीचा टंक ठरवून द्यावा. शेवटी जतन करण्याच्या विभागात स्वयंरक्षणाचा कालावधी पाच मिनिटे करावा व ‘नेहमी राखीव प्रत ठेवा’ हा पर्याय निवडावा. खेड्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. या एका खुणेने पुष्कळ श्रम वाचतात.

मेनूही मराठीत करता येतात. मात्र शिकण्याचे साहित्य व सहकाऱ्यांचे संगणक बहुधा इंग्रजी मेनूंचे असल्याने प्रारंभी मेनू इंग्रजी व मजकूर मराठी असा मेळ ठेवणे व्यवहार्य ठरते.

मराठी मजकूर : ‘शेतकऱ्यांना’ या शब्दाची कसोटी

संच कोणताही असो, मजकूर युनिकोडमध्येच टंकावा. जुन्या टंकांत संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरेच साठविली जात व त्यांना केवळ देवनागरी चेहरा दिला जाई. टंक गेला की चेहरा गेला. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. म्हणून तो मजकूर मोबाइलवर, ईमेलमध्ये किंवा दुसऱ्या संगणकावर तसाच वाचता येतो, शोधता येतो व क्रमाने लावता येतो.

टंकाची परीक्षा घेण्यास आपल्या क्षेत्रातील एकच शब्द पुरतो : ‘शेतकऱ्यांना’. यातील ‘ऱ्या’ हे जोडाक्षर मराठीचे वैशिष्ट्य आहे. ज्या टंकात ते तुटक दिसेल, तो आपल्या कामाचा नाही. इनस्क्रिप्ट कळफलकावर ‘र’ ची कळ शिफ्टसह दाबली असता ‘ऱ’ उमटतो. त्यापुढे हलन्त व ‘य’ टंकावा. हेच जोडाक्षर साध्या ‘र’ला अदृश्य जोडचिन्ह लावूनही तयार होते. दोन्ही दिसायला सारखी असली तरी संगणकाच्या लेखी ती भिन्न आहेत. एकाने एका पद्धतीने व दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टंकल्यास शोध घेताना निम्मी नावे सापडतच नाहीत. म्हणून एका कार्यालयात वा गटात सर्वांनी एकच पद्धत ठरवून घ्यावी.

मुक्त परवान्याचे उत्तम देवनागरी टंक आज उपलब्ध आहेत. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्त व बलू, आयआयटी मुंबईचा शोभिका, रेड हॅटने पुढे आणलेला लोहित आणि गूगलचा नोटो हे त्यांपैकी काही. कोणताही टंक वापरला तरी दुसऱ्याकडे पाठवावयाची अंतिम प्रत पीडीएफमध्ये द्यावी, म्हणजे त्याच्याकडे तो टंक नसला तरी अडत नाही.

मराठी शुद्धलेखन तपासणीसाठी शब्दसंग्रहाचा विस्तार जोडता येतो. मराठीत प्रत्यय जोडून असंख्य रूपे होत असल्याने तो काही बरोबर शब्दांखालीही तांबडी रेघ ओढतो. पीक, वाण व रोग यांची नावे आपल्या शब्दसूचीत हळूहळू भरत गेल्यास हा त्रास कमी होतो.

एका अभ्यासदौऱ्यातून शिकण्याचा मार्ग

सॉफ्टवेअर शिकताना सर्व मेनू पाठ करण्याचा प्रयत्न करू नये. एखादे खरे काम हाती घ्यावे. उदाहरणादाखल झाशीचाच अभ्यासदौरा घेऊ. झाशी येथे १९६२ मध्ये स्थापन झालेली भारतीय गवताळ प्रदेश व चारा संशोधन संस्था, १९८८ मध्ये राष्ट्रीय केंद्र म्हणून सुरू झालेली केंद्रीय कृषिवानिकी संशोधन संस्था आणि राणी लक्ष्मीबाई केंद्रीय कृषी विद्यापीठ आहे. बुंदेलखंडात चाऱ्याच्या टंचाईमुळे जनावरे मोकाट सोडण्याची ‘अन्ना प्रथा’ आढळते. त्यामुळे कोरडवाहू भागातील चारा नियोजन हा तेथे जिव्हाळ्याचा विषय आहे. विदर्भ वा मराठवाड्यातील एखादा गट तेथून परतला, तर त्याला तीन गोष्टी कराव्या लागतात : अहवाल लिहिणे, आपल्या गावासाठी चाऱ्याचा हिशोब मांडणे आणि ग्रामसभेत तो समजावून सांगणे. या तीन कामांत संचाचे तीन मुख्य घटक शिकून होतात.

रायटर : अहवाल लेखन

नवशिक्या व्यक्ती शीर्षक ठळक करते, आकार वाढविते व पुढे जाते. त्याऐवजी शीर्षकास ‘शैली’ द्यावी. कंट्रोल व १ ही कळजोडी मुख्य शीर्षकाची, कंट्रोल व २ उपशीर्षकाची शैली लावते. एफ-११ कळीने शैलींची पट्टी उघडते. शैली लावलेल्या अहवालाची अनुक्रमणिका आपोआप तयार होते व एका शैलीत बदल केल्यास सर्व शीर्षके एकदम बदलतात. व्हॉट्सॲप वा संकेतस्थळावरून मजकूर घेताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट व व्ही या कळींनी ‘स्वरूपाविना’ चिकटवावा. अन्यथा परके टंक व रंग अहवालात शिरतात.

दुसरे उपयुक्त साधन म्हणजे पत्रजुळणी, म्हणजेच मेल मर्ज. शंभर सभासदांना बैठकीचे पत्र पाठवावयाचे असल्यास नाव, गाव व गट क्रमांक यांची यादी कॅल्कमध्ये करावी आणि रायटरमधील एकाच पत्रात ती रकान्यांनुसार जोडावी. प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र पत्रे तयार होतात.

कॅल्क : चाऱ्याचा हिशोब

समजा एका कुटुंबाकडे ४ संकरित गायी, २ बैल व ३ कालवडी आहेत. हिरवा चारा गायीस रोज २५ किलो, बैलास २० किलो व कालवडीस १० किलो धरू. हे आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रत्यक्षात जनावराचे वजन व दूध पाहून ते ठरवावेत.

पहिल्या रकान्यात जनावराचा प्रकार, दुसऱ्यात संख्या, तिसऱ्यात रोजचा चारा व चौथ्यात गुणाकाराचे सूत्र लिहावे. सूत्राची सुरुवात नेहमी बरोबरच्या चिन्हाने होते. पहिल्या ओळीचे सूत्र लिहून त्या चौकटीचा खालचा कोपरा ओढला की पुढील ओळींत ते आपोआप उतरते. उत्तरे १००, ४० व ३० किलो येतात. बेरीज १७० किलो. वर्षाचे दिवस, म्हणजे ३६५, सूत्रात न लिहिता वेगळ्या चौकटीत ठेवावेत. वर्षाची गरज ६२,०५० किलो, म्हणजे ६२ टनांहून किंचित अधिक येते. आपल्या शेतात संकरित नेपियरचे उत्पादन गुंठ्याला वर्षाकाठी १,५०० किलो मिळते असे मानल्यास सुमारे ४१.४ गुंठे क्षेत्र लागेल.

आता गायींची संख्या ४ ऐवजी ५ करावी. तत्क्षणी गरज ७१,१७५ किलो व क्षेत्र सुमारे ४७.५ गुंठे दिसेल. म्हणजे एक गाय वाढविणे हा सहा गुंठे चाऱ्याचा निर्णय आहे. कर्ज काढून गाय घेण्यापूर्वी हे एका कुटुंबाला समजणे, हाच या तक्त्याचा खरा उपयोग. कागदावरही हा हिशोब होतो. परंतु उत्पादन १,२०० किलोच आले तर काय, उन्हाळ्यात दोन महिने पाणी कमी पडले तर काय, असे प्रश्न विचारण्याची सोय तक्त्यात आहे.

येथे तीन चुका वारंवार होतात. पहिली, चौकटीत ‘२५ किलो’ असे लिहिणे. संगणक त्यास मजकूर समजतो व बेरजेत धरत नाही. चौकटीत केवळ आकडा लिहावा, एकक वरच्या शीर्षकात द्यावे. हिशोबाचे आकडे इंग्रजी अंकांतच टंकणे सुरक्षित. मराठी अंक अंतिम छपाईच्या वेळी वापरावेत. दुसरी, दिवसांच्या चौकटीचा पत्ता स्थिर न करणे. सूत्र खाली ओढताना तो पत्ताही सरकतो व उत्तरे चुकतात. पत्त्याच्या अक्षरापूर्वी व अंकापूर्वी डॉलरचे चिन्ह दिल्यास तो स्थिर राहतो. एफ-४ कळीने हे चिन्ह आपोआप लागते. तिसरी, चौकटी एकत्र जोडणे व मधे रिकाम्या ओळी सोडणे. यामुळे तक्ता देखणा दिसतो, पण गाळणी व क्रमवारी बिघडते. एका ओळीत एक नोंद, एका रकान्यात एकच प्रकारची माहिती हा नियम पाळल्यास पुढे ‘पिव्हट टेबल’च्या साह्याने गावनिहाय व पीकनिहाय गोषवारा काही क्षणांत मिळतो.

इम्प्रेस : ग्रामसभेतील सादरीकरण

पडद्यावर अहवाल वाचून दाखविणे म्हणजे सादरीकरण नव्हे. एका पानावर एक मुद्दा, एक छायाचित्र वा एक आलेख पुरेसा. मागच्या रांगेतील आजोबांना वाचता येईल एवढे मोठे अक्षर असावे. कॅल्कमधील आलेख थेट इम्प्रेसमध्ये चिकटविता येतो. सभागृहातील संगणकावर लिबरऑफिस नसण्याची शक्यता गृहीत धरून पीडीएफ प्रत सोबत ठेवावी.

या तीन घटकांखेरीज ‘ड्रॉ’मध्ये शेताचा आराखडा, बांधावरील झाडांच्या ओळी वा ठिबकच्या नळ्यांची मांडणी काढता येते. ‘बेस’ हा माहितीसंचाचा व ‘मॅथ’ हा समीकरणांचा घटक आहे. यांची घाई करू नये. गरज भासेल तेव्हा शिकावे.

एक विशेष सोय : संमिश्र पीडीएफ

पीडीएफ करताना ‘हायब्रिड पीडीएफ’ असा एक पर्याय दिसतो. तो निवडल्यास पीडीएफच्या पोटातच मूळ ओडीएफ फाइल साठविली जाते. शेतकरी मोबाइलवर ती साधी पीडीएफ म्हणून वाचतो व विस्तार कार्यकर्ता तीच फाइल लिबरऑफिसमध्ये उघडून त्यात दुरुस्ती करू शकतो. शिफारशी, लागवड वेळापत्रके व प्रशिक्षण पत्रके यांसाठी ही सोय अत्यंत उपयुक्त आहे.

मराठीतून शिकण्याचे साधन

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाने लिबरऑफिसच्या घटकांवर पाठ तयार केले असून ते मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकता येतात. प्रत्येक पाठ सुमारे दहा मिनिटांचा असतो व तो उतरवून घेऊन इंटरनेटविनाही पाहता येतो. पडद्याच्या अर्ध्या भागात पाठ व उरलेल्या अर्ध्या भागात लिबरऑफिस उघडून, पाठ मधूनमधून थांबवीत तीच कृती स्वतः करावी, अशी या पाठांची पद्धत आहे. केवळ पाहिल्याने पोहता येत नाही, तसेच हेही आहे.

रोज अर्धा तास दिल्यास पुढील चार आठवड्यांचा क्रम पुरेसा ठरतो.

पहिला आठवडा : इनस्क्रिप्ट टंकलेखन, जतन करणे, रायटरमधील शैली. सरावासाठी गावातील एका यशस्वी प्रयोगाची दोन पानांची टिपणी.

दुसरा आठवडा : कॅल्कमधील नोंद, बेरीज, गुणाकार, स्थिर पत्ता. सरावासाठी स्वतःच्या एका पिकाचा खर्च व उत्पन्न.

तिसरा आठवडा : क्रमवारी, गाळणी, आलेख, पत्रजुळणी. सरावासाठी गटाच्या सभासदांची यादी व बैठकीचे पत्र.

चौथा आठवडा : इम्प्रेस, पीडीएफ, जुन्या फाइलींचे रूपांतर. सरावासाठी दहा पानांचे सादरीकरण, तेही घरच्या मंडळींसमोर करून दाखवून.

गटाने शिकत असल्यास एका संगणकावर दोघांनी बसावे. एकाने कळफलक हाताळावा, दुसऱ्याने पाठ वाचून सांगावा व दर पंधरा मिनिटांनी जागा बदलावी. नवऱ्याच्या वा मुलाच्या शेजारी बसून केवळ पाहणाऱ्या महिला सभासदांच्या हाती कळफलक यावा यासाठी ही अदलाबदल कटाक्षाने पाळावी.

जुन्या फाइलींचे काय करावे?

सर्व फाइली एकदम बदलण्याचा खटाटोप करू नये. प्रथम यादी करावी : ज्या पुन्हा लागणार आहेत, ज्या केवळ जपून ठेवायच्या आहेत व ज्या टाकून देण्याजोग्या आहेत. पहिल्या गटातील फाइली ओडीएफ प्रकारात जतन कराव्यात. दुसऱ्या गटातील फाइलींची पीडीएफ प्रत करावी. जुन्या टंकातील मजकूर, ते टंक चालू असलेला संगणक हाताशी आहे तोवरच, रूपांतरकाच्या साह्याने युनिकोडमध्ये आणावा व मूळ छापील प्रतीशी ताडून पाहावा. रूपांतरात जोडाक्षरे व रफार हमखास चुकतात. विशेषतः औषधांच्या मात्रा व प्रमाण यांची तपासणी दोघांनी मिळून करावी. मूळ फाइल मात्र लगेच पुसू नये.

प्रत्येक महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती असाव्यात : एक संगणकावर, एक पेनड्राइव्हवर व एक दुसऱ्या ठिकाणी. फाइलीच्या नावात वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवल्यास जुनी व नवी प्रत ओळखण्यात चूक होत नाही.

समारोप

ऑफिस संचाची निवड ही वरवर पाहता तांत्रिक बाब वाटते. प्रत्यक्षात आपल्या गावाची माहिती कोणाच्या हाती राहणार व ती किती वर्षे वाचता येणार, हा निर्णय त्यात दडलेला असतो. खुला फाइल प्रकार, युनिकोड मजकूर, कायदेशीर व मुक्त सॉफ्टवेअर आणि तीन प्रती एवढे चार नियम पाळल्यास आजची नोंद आपल्यामागून येणाऱ्यांना वाचता येईल.

विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या कार्यक्षेत्रातील निदान एका गटास वरील चाऱ्याचा तक्ता तयार करून द्यावा व तो कसा बदलावा हे शिकवावे. प्रगतशील शेतकरी बंधू-भगिनींनी आपल्या एका पिकाचा हिशोब यंदा कॅल्कमध्ये मांडून पाहावा. पहिल्या प्रयत्नात बेरीज चुकेल, ओळी सरकतील; पेरणीच्या पहिल्या वर्षी तिफणही सरळ चालत नाही. दुसऱ्या हंगामात मात्र त्या हिशोबाला मागील वर्षाची जोड मिळते, आणि तेथून नोंदीचा खरा लाभ सुरू होतो.